स्विचवरची चप्पल

आमच्या घरी पाहुण्यांचं जेवण झालं आणि सुपारी फिरू लागली की माझा नवरा हळूच म्हणतो, "चला, आता सेफ्टीची बस सुटते. ज्याले उतराचं हाय त्यानं आत्ताच उतरा." तो एसटीत कंडक्टर आहे, त्यामुळे विनोदही तिकिटासारखा तोच तोच फाडतो. पण आजवर कोणी उतरलं नाही. उलट माझी मुलगीच म्हणते, "आई, बाकी राहू दे, चपलेवाली सांग." म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या अनुभवावर लिहा म्हटलं, तेव्हा मी विचार करण्यात वेळ घालवला नाही. चपलेवालीच सांगते. घरच्यांनी पुन्हा ऐकायचं तर ऐका, नाही तर भांडी घासा.

मी मूल गावातल्या एका राईस मिलमध्ये नोकरी करते. आयटीआयला इलेक्ट्रिशियन झाले, मिलमध्ये वायरी जोडायला लागले, आणि मग एक दिवस मालकांना कोणीतरी सांगितलं की कायद्याप्रमाणे कामगारांच्या सुरक्षेकडे बघणारं माणूस हवं. मालकांनी इकडं तिकडं पाहिलं. मी स्टुलावर चढून ट्यूबलाइट बदलत होते. "सुनंदाबाई, आजपासून थे काम तुमच्याकडे," असं ते म्हणाले आणि त्याच क्षणी माझं स्टूल हललं. पडले नाही, पण बोर्डाला लोंबकळले. मिलमधल्या सुरक्षेची सुरुवात अशी झाली. तेव्हापासून सगळे मला सेफ्टीबाई म्हणतात, आणि त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मी अजून मोजलेलं नाही.

सुरुवातीला माझ्याकडे फक्त भिंतीवर चिकटवायची चित्रं होती आणि पिवळ्या टोप्या होत्या. टोप्या कोणी घातल्या नाहीत. एका टोपीत शकुनबाईनं घरी कोंबडी बसवली आणि तिची पिल्लं निघाल्यावर मला येऊन सांगितलं, "सेफ्टीबाई, तुमची टोपी लय चांगली हाय वं. एकबी अंडं फुटलं नाई." शकुनबाई आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या आणि पोती भरणाऱ्या बायांची पुढारी. बोलण्यात तिखट, देवदेव करण्यात पुढे. कंपनीनं बूटही दिले होते. ते लोकांनी लग्नाला घालायला घरी ठेवले आणि कामावर रबरी चपला तशाच राहिल्या. निदान चपला तरी घाला, म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागले होते, कारण आमच्याकडे बॉयलरमध्ये जाळलेल्या भुशाची राख पडलेली असते. वरून थंड, राखाडी, गरीब दिसते आणि आत विस्तव असतो. त्यावर पाय दिलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता मिलमध्ये काय असतं ते बाहेरच्यांसाठी सांगते. शेतकऱ्याचं धान येतं ते जमिनीतल्या एका खड्ड्यात ओततात. खड्ड्याच्या बुडाशी एक उभा पट्टा असतो, त्याला लहान लहान लोखंडी डबे लावलेले. विहिरीच्या रहाटासारखे ते डबे धान उचलून तीन माड्यांएवढं वर नेतात. त्याला आम्ही एलिवेटर म्हणतो. वर धान साफ होतं, सोललं जातं, तांदूळ पांढरा होऊन खाली येतो. सगळं ठीक. पण धानाबरोबर सुतळी येते, काडी येते, दगड येतात, आणि पट्टा बुडाशी अडकतो. मग माणसानं शिडीनं खड्ड्यात उतरायचं, त्या डब्यांमध्ये हात घालायचा, कधी खांद्यापर्यंत, आणि अडकलेलं ओढून काढायचं.

लोकांना वाटतं चालती मशीन धोक्याची. चालत्या मशीनजवळ कोण जातं? ती आवाज करते, हादरते, माणूस आपोआप चार हात दूर राहतो. आमच्या धंद्यात माणूस मरतो तो बंद मशीनमध्ये, कोणीतरी ती चालू केल्यावर. म्हणून नियम साधा आहे. मशीन बंद करा, स्विचला कुलूप लावा, किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात. मग एकदा बटण दाबून बघा. चालू झालं नाही, तरच उतरा. आणि कुलूप त्यानंच काढायचं, ज्यानं लावलं. दुसऱ्या कोणी नाही, मालकानंही नाही.

हे मी मालकांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि एक कुलूप आणून दिलं. एकच. त्याची किल्ली हरवू नये म्हणून त्यांनी ती स्विचच्या बाजूलाच खिळ्याला अडकवली. मी म्हटलं, मालक, चोर आला तर त्याला चहाही ठेवू का? ते हसले. पुढे रिकाम्या बारदान्याच्या खोलीचं कुलूप तुटलं, तेव्हा माझं कुलूप तिकडे गेलं. खिळा तेवढा उरला.

खड्ड्यात उतरायचं काम रायभानभाऊचं. अंगानं काटक, बोलायला कमी. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पट्टा अडकला म्हणून तो उतरला. ऑपरेटर देवाजी जेवून आला. चांगला माणूस, माळकरी, मुंगीही न मारणारा. त्यानं खड्ड्यात डोकावून हाक मारली, "कोणी हाय का गा?" रायभानभाऊचं डोकं एलिवेटरच्या पेटीत, बाजूला बॉयलरचा पंखा घोंघावत होता. उत्तर आलं नाही. देवाजीनं स्विच फिरवला.

रायभानभाऊचा गमछा डब्यात अडकला आणि वर गेला. रायभानभाऊ खाली राहिला, कारण गाठ सैल होती. एवढंच. त्याची बायको रोज घट्ट गाठ मारून द्यायची, त्या दिवशी ती माहेरी होती. गमछा तिसऱ्या मजल्यावरच्या चाळणीत सापडला, चिंध्या होऊन. देवाजीनं स्विच बंद केला, जमिनीवर बसला आणि डोक्याला हात लावून नुसता हलत राहिला.

रायभानभाऊ वर आला तो थेट माझ्याकडे.

"सेफ्टीबाई, तुमचं कुलूप कुठी हाय?"

"भाऊ, मी मालकांना सांगितलं होतं…"

"तुमचं सांगणं रायते हवेत. मी रायतो खड्ड्यात."

असं म्हणून त्यानं पायातली चप्पल काढली. मला वाटलं आता बसते. मी मागे सरकले ती कोंड्याच्या पोत्यावर जाऊन बसले. पण तो मला ओलांडून बोर्डाकडे गेला. एलिवेटरच्या मेन स्विचचा दांडा आडवा असला की बंद, उभा केला की चालू. त्या आडव्या दांड्यावर त्यानं आपली चप्पल टांगली. निळी रबरी, अंगठ्याजवळ तारेनं शिवलेली.

"आता कोणी हात लावून दाखवा," तो म्हणाला आणि अर्धं राहिलेलं काम करायला पुन्हा खाली उतरला.

कोणी हात लावला नाही. मी बघत बसले होते, पोत्यावरून उठायचंही विसरून. देवाजी दांड्यापाशी गेला, थांबला, मागे आला. दुसरा एक जण गेला, त्यानंही चपलेकडे पाहिलं, मागे आला. दुसऱ्याच्या पायातली चप्पल हातानं उचलायची म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान लेकरालाही सांगावं लागत नाही. आणि ती कोणाची हेही सांगावं लागत नव्हतं. मिलमधल्या प्रत्येकाची चप्पल प्रत्येकाला ओळखू येते. तार, ठिगळ, झिजलेली टाच. कुलपावर नाव नसतं, चपलेवर माणूस असतो.

माझ्या मनात तेव्हा वेगळंच आलं. माझे आजोबा तरुणपणी गावातल्या वरच्या गल्लीतून जाताना चपला काढून हातात घेत. घालून गेलं तर मार बसायचा. पुढं धम्म घेतल्यावर ते मुद्दाम त्याच गल्लीतून चपला वाजवत जात, अगदी काम नसलं तरी. ज्या चपलेनं आम्हाला मान खाली घालायला लावली, ती आता माणूस वाचवत असेल तर वाचवू दे, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी नियम करून टाकला. खड्ड्यात उतरणाऱ्यानं आपली चप्पल दांड्यावर टांगायची. दोघं उतरले तर दोन चपला. ज्याची त्यानंच काढायची. कुलूप येईल तेव्हा येईल.

हे चाललं. मालकांना पत्ता नव्हता, कारण ते ऑफिसातून मिलमध्ये क्वचित येत. मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा असते. आदल्या दिवशी सगळी मिल धुतात. बोर्डाच्या वर लक्ष्मीची तसबीर आहे, तिला हार. बोर्डावर हळदकुंकवाचं स्वस्तिक. मशीनला झेंडूच्या माळा. नारळ फोडायचा आणि मग मुहूर्तावर मिल थोडी चालवायची, शकुनाचं धान टाकायचं. हे सगळीकडे होतं. आणि सगळीकडे एक चूक होते, ती धुताना. पाणी खड्ड्यात जातं, बुडाशी राहिलेलं धान फुगतं आणि पट्टा असा गच्च बसतो की विचारू नका. दर वर्षी बसतो, दर वर्षी लोक नवल करतात.

त्या दिवशी सकाळी तसंच झालं. रायभानभाऊनं चप्पल टांगली आणि खाली उतरला. तोवर मालक आले. रेशमी कुर्ता, सोबत नवे व्याही, व्याह्यांची मंडळी, पूजा सांगणारे महाराज. मी पांढरी साडी नेसून आले होते. आमचा त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, संध्याकाळी विहारात वंदनेला जायचं होतं. शकुनबाई नवं लुगडं नेसून आरतीचं ताट धरून उभी.

मालकांची नजर बोर्डावर गेली. स्वस्तिक, त्याच्या खाली तारेनं शिवलेली, चिखलानं भरलेली चप्पल.

"हे काय हाय?"

व्याही खोकले.

"कोणाचं काम हे? काढ रे देवाजी."

देवाजीनं दोन्ही हात पाठीमागं नेले. माळकरी माणूस, लक्ष्मीसमोर उभा, आणि हात पाठीमागं.

मी म्हटलं, "मालक, रायभानभाऊ खड्ड्यात आहे. चप्पल त्याची आहे. तो आला की काढेल."

"मुहूर्त चालला. पूजा तं होऊ दे."

"पूजा होऊ द्या. चप्पल राहू द्या."

"सुनंदाबाई, तुमचा देव नसन. आमचा हाय. त्याच्या बोर्डावर चप्पल टांगता?"

हे असं कधीतरी येणार, हे मला ठाऊक होतं. व्याह्यांसमोर येईल असं वाटलं नव्हतं. गप्प राहावं, असं मी स्वतःला सांगत होते. पण तोंड काही ऐकेना.

"मालक, चप्पल देवावर नाही, स्विचच्या दांड्यावर आहे. स्वस्तिक तुम्ही स्विचवर काढलं. आणि माणूस खाली आहे. त्याचा देव कोणता ते मी विचारलं नाही, तो खाली आहे एवढं मला ठाऊक."

मालक स्वतः पुढे झाले. हात वर केला आणि थांबले. आंघोळ करून, सोवळ्यानं पूजेला बसायचं, आणि रायभानची चप्पल हातात घ्यायची? हात तसाच हवेत. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, हे कुलूप मालकांनाही उघडता येत नाही.

मग त्यांना व्याह्यांच्या हातातली छत्री दिसली. त्यांनी छत्रीच्या टोकानं चप्पल उडवली. ती माझ्या पायाशी पडली. मालकांनी देवाजीकडे पाहिलं, "फिरव."

मी ती चप्पल उचलली. दोन्ही हातांनी. चिखल माझ्या साडीला लागला. आणि परत दांड्यावर टांगली. मग दांड्याला पाठ लावून उभी राहिले. डोकं लक्ष्मीच्या तसबिरीला लागेल म्हणून थोडी वाकले, हे मात्र खरं.

"सरका, सुनंदाबाई."

"नाई सरकत."

माझ्या तोंडातून घरची बोली निघाली म्हणजे मी घाबरलेली असते किंवा चिडलेली. त्या दिवशी दोन्ही होतं.

"उद्यापासून येऊ नका कामावर."

"उद्याचं उद्या पाहू. आज नाई सरकत."

तेवढ्यात शकुनबाईनं आरतीचं ताट महाराजांच्या हातात दिलं. शांतपणे आपली एक चप्पल काढली आणि माझ्या खांद्यावरून हात घालून रायभानच्या चपलेशेजारी टांगली.

"शकुने, तुले काय झालं?" मालक ओरडले. "तू तं देवीचा उपास करते!"

"करतो नं बाप्पा. लक्ष्मी मायले राग येन तं मी पाया पडन, नाक घासन. थे आयकते. मशीन आयकते काय?"

व्याही हसले. हसू नये अशा जागी हसल्यामुळे ते आणखी जोरात हसले. मालकांचा चेहरा कुंकवासारखा झाला. महाराज एका हातात ताट, दुसऱ्या हातात नारळ धरून घड्याळ बघायचा प्रयत्न करत होते.

आणि रायभानभाऊ शिडीवरून वर आला. डोक्यापासून पायापर्यंत फुगलेल्या धानाचा चिखल. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं, मग मालकांच्या हातातल्या छत्रीकडे, मग माझ्या साडीकडे. पुढं आला, आपली चप्पल काढली, जमिनीवर टाकली, पायात घातली.

"झालं," तो म्हणाला. "करा चालू." मग शकुनबाईच्या चपलेकडे बघून म्हणाला, "ही कोणाची? आणखी कोणी उतरलं का खाली?"

मुहूर्त गेला होता. मिल चालली. शकुनाचा तांदूळ निघाला, नेहमीसारखाच पांढरा. मी चिखलाच्या साडीतच विहारात गेले. बायांनी विचारलं, पडली का वं? मी म्हटलं, नाई, उभी होती.

मालकांनी खरंच मला येऊ नको म्हणून निरोप पाठवला. घरी नवरा म्हणाला, "बरं झालं, आता घरातल्या गॅसवर चप्पल टांग." पण त्या रात्री भाकरी त्यानंच थापल्या, आणि त्या इतक्या वाकड्या होत्या की मला हसूच आलं.

मिलमध्ये काय चाललंय ते मला शकुनबाईकडून कळत होतं. मालकांनी बोर्डावर चप्पल टांगायची मनाई केली होती. मग पट्टा अडकला. रायभानभाऊ म्हणाला, चप्पल टांगू द्या, उतरतो. नाही म्हटल्यावर तो भिंतीला टेकून बसला. दुसऱ्याला सांगितलं, तोही बसला. कोणी घोषणा दिल्या नाहीत, कोणी भांडलं नाही. सगळे नुसते चपला घालून बसले. बाहेर धानाच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. शेवटी देवाजी मोपेडवर माझ्या दारात आला.

"चाल वो सेफ्टीबाई. मालकानं बोलावलं."

"चप्पल राहीन का?"

"थे तूच विचार. मले मधात घेऊ नको."

मालक बोर्डासमोर उभे होते. मी नमस्कार केला. ते म्हणाले, बाजूला एक खिळा ठोकतो, त्यावर टांगा. मी म्हटलं, खिळ्यावर टांगली तर दांडा फिरतो. ते म्हणाले, मग खाली ठेवा. मी म्हटलं, खालची दिसत नाही. ते म्हणाले, प्रत्येकाला कुलूप आणून देतो, ज्याचं त्याच्याकडे, किल्लीसकट. मी म्हटलं, द्या, कायद्यानं द्यायचंच आहे, त्याचे उपकार नाहीत. पण कुलूप येईपर्यंत चप्पल. आणि आल्यावरही, कोणाला टांगायची असेल तर चप्पल.

त्यांनी एकदा बाहेर उभ्या गाड्यांकडे पाहिलं. मग देवाजीला म्हणाले, "शिडी आण." स्वतः लक्ष्मीची तसबीर उतरवली आणि शिडीवर चढून समोरच्या भिंतीवर उंच लावली.

"घ्या. तुमच्यापायी लक्ष्मीले जागा बदलावी लागली."

शकुनबाई हात जोडून म्हणाली, "बरं झालं. तिथून मायले आता खड्डा बी दिसते."

मालकांनी हार मानली असं मी म्हणणार नाही. ते अजूनही मला व्याह्यांसमोर बोलावत नाहीत. कुलपं आली, लाल रंगाची, किल्ल्या लोकांच्या गळ्यात आल्या. तरी कुलपाशेजारी चप्पल टांगणारे आहेत, आणि मी अडवत नाही. बाहेरून कोणी साहेब बघायला आले की नाक मुरडतात. मी म्हणते, साहेब, काढून दाखवा. अजून कोणी काढली नाही.

सगळंच जिंकले असंही नाही. रायभानभाऊ आता कामावर येत नाही. छातीत धूळ बसली. तोंडाला बांधायचं फडकं मी रोज द्यायचे, तो रोज कानावर अडकवून ठेवायचा. गमछ्यातून वाचलेला माणूस कोंड्याच्या धुळीनं दमला. धुळीला चप्पल दाखवता येत नाही. त्याचं मला लागतं, आणि म्हणून मी आता फडक्याच्या बाबतीत इतकी खाष्ट झाले आहे की बाया मला बघून आधी तोंड बांधतात, मग शिव्या देतात. देऊ द्या. शिव्या फडक्यातून गाळून येतात.

परवा खड्ड्यातल्या दिव्याची, डब्यांच्या मागून गेलेली वायर जळाली. ती माझं काम, म्हणून मी उतरले. कुलूप लावलं, किल्ली गळ्यात, आणि सगळ्यांसारखी एक चप्पलही टांगली. माझी चप्पल तपकिरी, टाचेला नवऱ्यानं खिळा ठोकलेली. खाली ओल होती, धानाचा कुबट वास होता, आणि माझा हात त्या डब्यांच्या मधोमध, खांद्यापर्यंत. इतकी वर्षं दुसऱ्यांना उतरवलं, पण तिथं हात घालून उभं राहिल्यावर सगळे नियम पुन्हा पहिल्यापासून आठवतात.

वर पावलं वाजली. मालकांचा आवाज आला.

"बंद काऊन हाय? चालू करा नं. गाड्या उभ्या हायेत."

देवाजी म्हणाला, "चप्पल हाय, मालक."

"कोणाची?"

"सेफ्टीबाईची."

मी वायर धरून तशीच उभी.

"मंग राहू दे," मालक म्हणाले. "निघू दे तिले."